नदी गेली कोठें?

सह्याद्रींत हिंडणाऱ्या माणसास घळ म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. दोहों बाजूंस उभे कडे, मध्यें गोट्यांनीं भरलेली अरुंद वाट आणि डोक्यावर आकाशाची एक पट्टी, हें चित्र त्याच्या ओळखीचें असतें. उन्हाळ्यांत ही घळ कोरडी ठणठणीत असते. परंतु आषाढ लागला कीं तीच वाट नदी होते, आणि ज्यानें ती कोरली तो कारागीर दरसाल आपल्या कामावर हजर होतो. म्हणून घळ कोणी कोरली, असा प्रश्न आपणांस पडत नाहीं. पण अशी एक घळ डोळ्यांपुढें आणा कीं, तिच्यावर बारा महिने पाऊस पडतो, तिच्या वरच्या अंगास वाहता ओढा आहे, खालच्या अंगासहि वाहता ओढा आहे, आणि मधली घळ मात्र शतकानुशतकें कोरडी आहे. वळणें नदीचीं, कडे नदीचे, धबधब्याची जागासुद्धां राखून ठेवलेली. फक्त नदी नाहीं. अशा घळींतून आज आपणांस न्यावें असा माझा विचार आहे. तिचें नांव वॉटलोज.

ही घळ इंग्लंडच्या उत्तरेस, यॉर्कशायर परगण्यांत आहे. तेथील डोंगराळ मुलुखास 'डेल्स', म्हणजे दऱ्यांचा मुलूख, असें म्हणतात. १९५४ सालापासून तो राष्ट्रीय उद्यान म्हणून राखण्यांत आलेला आहे. या मुलुखाच्या दक्षिण भागांत मॅलम नांवाचें दगडी घरांचें एक टुमदार खेडें आहे. आपली पायवाट तेथून निघते आणि उत्तरेकडे चढत चढत, सुमारें तीन मैलांवर, डोंगरमाथ्यावरील एका तळ्याशीं जाऊन पोंचते. वाट फारशी अवघड नाहीं. चालण्याची संवय असलेल्या माणसास जाऊन येऊन अर्धा दिवस पुरतो. परंतु या तीन मैलांत पाण्यानें असा कांहीं लपंडाव मांडला आहे कीं, पाहणारा चकित होतो. तो उलगडावयाचा तर पाण्याच्या उलट दिशेनें, खालून वर, जाणें बरें.

गांव मागें टाकून पाऊण मैलभर गेलें न गेलें तोंच दरी एकाएकीं संपते. समोर पांढुरक्या दगडाचा एक प्रचंड कडा अर्धचंद्राकार उभा राहतो. त्याची उंची सुमारें २६० फूट आणि रुंदी सुमारें १,००० फूट. यालाच 'मॅलम कोव्ह' म्हणतात. याच्या कपारींत बहिरी ससाणे घरटीं करतात, आणि त्यांची झेप पाहण्यासाठीं लोक खालीं माना वर करून उभे असतात. कड्याचा आकार पाहतांच मनांत येतें कीं, येथून एके काळीं मोठा धबधबा कोसळत असला पाहिजे. पण वरून थेंबहि येत नाहीं. उलट कड्याच्या अगदीं पायथ्याशीं, एका बुटक्या आडव्या फटींतून, एक स्वच्छ ओढा निमूटपणें बाहेर पडतो. ना खळखळ, ना तुषार. पाणबुड्यांनीं या फटीमागील जलमय भुयारांत शिरून लांबवर शोध घेतलेला आहे. तूर्त आपण एवढेंच लक्षांत ठेवूं कीं, पाणी येथें डोंगराच्या पोटांतून बाहेर येतें.

कड्याच्या डाव्या अंगास दगडी पायऱ्या आहेत, सुमारें ४००. त्या चढून माथ्यावर आलें कीं पायांखालीं जी लागते ती जमीन नव्हे, दगडी फरसबंदी आहे. कोणा राक्षसानें भल्या थोरल्या लाद्या बसवाव्या आणि मधल्या सांध्यांत चुना भरण्याचें विसरून जावें, तशी. या लाद्यांना तेथील लोक 'क्लिंट' म्हणतात आणि फटींना 'ग्राइक'. फटी कोठें वीतभर रुंद, कोठें हातभर; खोली मात्र गुडघ्यापासून कंबरेपर्यंत, क्वचित् त्याहूनहि अधिक. उघड्या माथ्यावर वारा आणि मेंढ्या यांच्यापुढें आंखूड गवताखेरीज कांहीं टिकत नाहीं; पण फटींत डोकावून पाहावें, तों तेथील ओलाव्यांत व सावलींत नेचे आणि रानफुलें सुखानें नांदत असतात. येथें पाऊल जपून टाकावें लागतें. असंख्य पावलांनीं हा दगड गुळगुळीत झालेला आहे, आणि सर पडून गेली कीं तो साबणासारखा निसरडा होतो.

ही फरसबंदी उघडी पडली ती हिमनद्यांनीं वरची माती व सुटा दगड खरवडून नेल्यामुळें. एकदां उखडली कीं ती पुन्हां होणें नाहीं. तरीहि या मुलुखांतून अशा लाद्या फोडून, श्रीमंतांच्या बागांत मांडण्यासाठीं, गाड्या भरभरून नेल्या जात असत; १९८१ च्या कायद्यानें अशा फरसबंद्यांना संरक्षण देण्याची तरतूद झाली. मॅलमची फरसबंदी शिल्लक आहे ही समाधानाची गोष्ट होय. कारण नदी कोठें गेली, या प्रश्नाचें अर्धें उत्तर या फटींतच आहे.

हा दगड चुनखडीचा आहे. आपल्या दख्खनचा काळा पाषाण म्हणजे ज्वालामुखीचा थिजलेला रस. हा मात्र समुद्राचें अपत्य. सुमारें ३३ कोटि वर्षांपूर्वीं ही भूमि विषुववृत्ताजवळ, उथळ आणि उबदार समुद्राखालीं होती. त्या समुद्रांतील शिंपले, पोवळीं आणि अगणित लहानमोठे जीव यांच्या कवचांचा गाळ थरावर थर सांचून हा खडक झाला. पावसाचें पाणी हवेंतून व मातींतून कार्बन डाय-ऑक्साइड वायु शोषून घेतें आणि अत्यंत सौम्य असें आम्ल बनतें. त्या आम्लांत चुनखडी हळूहळू विरघळते. खडकाच्या अंगावर ज्या उभ्या-आडव्या भेगा मुळांतच असतात त्या पाण्यानें रुंदावत जातात. आधीं केसाएवढी भेग, मग बोटाएवढी, मग हात जाईल एवढी, आणि खोलवर माणूस शिरेल असें भुयार. खडक जागच्या जागीं असतो, पण त्याची चाळण झालेली असते. चाळणीवर घागर रिती केली तर पाणी चाळणीवरून वाहत जाईल काय?

हा प्रश्न मनांत घेऊन आपण फरसबंदी ओलांडतों आणि उत्तरेकडे वळून घळीच्या तोंडाशीं येतों. आंत शिरतांच माथ्यावरचा वारा मंदावतो. दोहों बाजूंस चुनखडीचे करडे कडे, त्यांच्या खालीं ढासळलेल्या दगडांचे उतार, आणि तळाशीं हिरवें गवत. चुन्यावांचून नुसते दगडावर दगड रचून केलेली, मेंढपाळांची एक भिंत आपल्याबरोबर घळींतून वर येते. कान देऊन ऐकावें तर मेंढरांचें ओरडणें आणि एखाद्या पक्ष्याची शीळ. पाण्याचा आवाज नाहीं. आणि तरीहि डोळ्यांना सर्वत्र नदीच दिसत राहते. घळ नदीसारखी वळत जाते. वरच्या टोंकाला तर ती एका आडव्या कड्याशीं येऊन थांबते, आणि त्या कड्याकडे पाहून लहान मूलहि सांगेल कीं, ही धबधब्याची जागा आहे. नाटकगृह आहे, पडदे आहेत, रंगपट आहे. फक्त नट नाहीं. वाट या मुक्या धबधब्याच्या बाजूनें दगडी पायऱ्यांनीं वर चढते.

ही वाट 'पेनाइन वे' या सुमारें २६८ मैलांच्या दीर्घ पायवाटेचा एक भाग आहे. अशी वाट सर्वसामान्य माणसांसाठीं खुली असावी, म्हणून टॉम स्टीफन्सन या पत्रकारानें १९३५ सालीं एका वृत्तपत्रांत लेख लिहिला. त्या वेळीं इंग्लंडचे अनेक माळ शिकारीसाठीं राखलेले असत आणि पायीं हिंडणाऱ्यास तेथून हांकून देण्यांत येई. पुढें ३० वर्षांनीं, २४ एप्रिल १९६५ रोजीं, याच मॅलमच्या माळावर त्या पायवाटेचें उद्घाटन झालें. आज या घळींतून जो कोणी बिनदिक्कत चालतो, तो त्या ३० वर्षांच्या चिकाटीचें फळ भोगीत असतो.

घळ संपून आपण मोकळ्या माळावर येतों आणि कांहीं वेळानें कानीं पाण्याचा खळखळाट येतो. उत्तरेकडून, तळ्याच्या बाजूनें, एक चांगला वाहता ओढा उतरत येत असतो. तो थोडा पुढें येतो आणि आपण पाहत असतांनाच गोट्यागोट्यांतून झिरपत नाहींसा होतो. तेथें गुहेचें तोंड नाहीं, भोवरा नाहीं. बोलतां बोलतां एखाद्याचा आवाज बारीक होत जावा आणि थांबावा, तसा हा ओढा थांबतो. या जागेचें नांवच 'वॉटर सिंक्स', म्हणजे पाणी बुडतें ती जागा, असें आहे.

थोडें आणखी वर गेलें कीं मॅलमचें तळें दिसतें. समुद्रसपाटीपासून हें सुमारें १,२३५ फूट उंचीवर आहे. चाळणीच्या देशांत तळें टिकलें कसें, अशी शंका येथें येते. त्याचें कारण असें कीं, तळ्याखालीं चुनखडी नसून जुना, पाणी न झिरपणारा पाटीचा दगड आहे, आणि त्यावर हिमनदीनें आणून टाकलेली चिकणमाती पसरलेली आहे. तळ्याच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर जमिनींत एक मोठा प्रस्तरभंग आहे. त्याच्या एका अंगास पाटीचा दगड व दुसऱ्या अंगास चुनखडी. ओढा तळ्यांतून निघतो, ही सीमा ओलांडून चुनखडीवर येतो आणि थोड्याच वेळांत चाळणींतून खालीं जातो.

आतां पाहणाऱ्यास सहजच वाटेल कीं, येथें बुडालेलें पाणी तेंच मॅलम कोव्हच्या पायथ्याशीं निघतें. दोहोंमध्यें कोरडी घळ सरळ आहे. तेव्हां ओढा घळीखालून गेला, एवढाच अर्थ. हा तर्क सोपा आहे, परंतु तो खरा नाहीं. १९ व्या शतकाच्या अखेरीस यॉर्कशायरच्या भूगर्भशास्त्रज्ञांनीं वरच्या पाण्यांत ओळखूं येतील असे पदार्थ मिसळले आणि खालच्या प्रत्येक झऱ्यावर पाहारा ठेवला. तळ्याकडून येऊन बुडालेलें पाणी मुख्यतः निघालें तें मॅलम कोव्हशीं नव्हे, तर गांवाच्याहि दक्षिणेस, 'एअर हेड' म्हणून जे झरे आहेत त्यांतून. आणि कोव्हच्या पायथ्याशीं येणारें पाणी मुख्यतः दुसऱ्याच एका ओढ्याचें. तो वायव्येकडे, एका जुन्या शिसें गाळण्याच्या भट्टीजवळ, जमिनींत शिरतो. म्हणजे दोन प्रवाह डोंगराच्या पोटांत एकमेकांना ओलांडून आपापल्या वाटेनें जातात. वरच्या दऱ्याखोऱ्यांवरून खालच्या नद्यांचा नकाशा काढतां येत नाहीं, हें या प्रयोगांनीं शिकविलें.

नदी गेली कोठें, याचें उत्तर मिळालें. ती खालीं गेली. परंतु त्याबरोबर दुसरा, अधिक बिकट प्रश्न उभा राहतो. चाळणीवरून पाणी वाहत नाहीं, तर मग ही घळ कोरली कोणी?

याचें उत्तर हिमयुगांत सांपडतें. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरांत, सुमारें २० ते २५ हजार वर्षांपूर्वीं, हा सारा मुलूख हिमाच्या जाड थराखालीं गाडलेला होता. आणि त्यापूर्वींहि अशीं हिमयुगें येथें येऊन गेलेलीं होतीं. पुढें हवा पालटली, हिम वितळूं लागलें, आणि उन्हाळ्यामागून उन्हाळ्यांत बर्फाच्या पाण्याचे लोंढे सुटले. एरवीं हें पाणी भेगांतून खालीं गेलें असतें. परंतु जमीन अजून खोलवर गोठलेली होती. भेगाभेगांत बर्फाचीं बुचें बसलेलीं होतीं. चाळणीचीं छिद्रें बंद झालेलीं होतीं. त्यामुळें पाण्याला पृष्ठावरून वाहण्यावांचून गत्यंतर राहिलें नाहीं. गोटे, वाळू आणि बर्फाचे तुकडे यांसह धांवणाऱ्या त्या लोंढ्यानें घळ खोदली, वळणें दिलीं आणि मॅलम कोव्हच्या कड्यावरून खालीं उडी घेतली. वॉटलोज कांहीं एकटी नाहीं. याच मुलुखांत इंगलबरो डोंगराच्या उतारावर 'ट्रो गिल' नांवाची घळ आहे. तिचीहि कथा हीच. पुढें जमिनींतील बर्फ वितळला, भेगांचीं तोंडें मोकळीं झालीं, आणि नदी आपली हत्यारें जागच्या जागीं टाकून पाताळांत निघून गेली.

तेव्हां एक गोष्ट ध्यानांत येते. या घळींत नदी वाहत होती तो काळ नेहमींचा नव्हे, अपवादाचा होता. जमिनीनें तोंड मिटलें होतें, म्हणून नदी दिसत होती. जमिनीनें तोंड उघडलें, नदी दिसेनाशी झाली. ज्याला आपण कोरडी घळ म्हणतों, ती खरें पाहतां पाणी पिणारी घळ आहे. तिचा कोरडेपणा हीच तिच्याखालीं पाणी चालू असल्याची खूण आहे.

ही हजारों वर्षांपूर्वींची गोष्ट, तिच्याशीं आमचा संबंध काय, असें कोणी विचारील. त्याला उत्तर अगदीं अलीकडच्या काळानें दिलें आहे. मॅलम कोव्हच्या कड्यावरून अतिवृष्टींत क्वचित् पाणी पडल्याच्या नोंदी १९ व्या शतकाच्या आरंभींच्या आहेत. त्यानंतर पिढ्यान् पिढ्या कोणी तें दृश्य पाहिलें नव्हतें. २०१५ च्या डिसेंबर महिन्यांत 'डेस्मंड' नांवाचें वादळ उत्तर इंग्लंडवर आलें. शेजारच्या कंब्रिया परगण्यांत हॉनिस्टर येथें २४ तासांत ३४१.४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. ब्रिटनमधील तो उच्चांक होता. मुंबईकरांस हा आंकडा मोठा वाटणार नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें त्याच्या पावणेतीनपट, म्हणजे ९४४ मिलिमीटर, पाऊस पडला होता. परंतु येथें नुसता आंकडा पुरत नाहीं. त्या महिन्यापूर्वींच्या पावसानें मॅलमची जमीन अगोदरच तुडुंब भरलेली होती. डोंगराच्या पोटांत जागा उरली नव्हती. वॉटर सिंक्सच्या ओढ्याला बुडावयास ठाव मिळेना. तो पुढें सरकला, कोरड्या धबधब्यावरून उतरला, वॉटलोजच्या गवतावरून वाहूं लागला, आणि ६ डिसेंबर रोजीं मॅलम कोव्हच्या कड्यावरून २६० फूट खालीं कोसळला. इंग्लंडांत उघड्यावर एकसंध उडी घेणारा सर्वांत उंच धबधबा म्हणून जो प्रसिद्ध आहे तो हार्ड्रॉ फोर्स सुमारें १०० फुटांचा. त्याच्या अडीचपट उंच असा हा अल्पजीवी धबधबा पाहण्यासाठीं लोक धांवत आले. थोड्याच अवधींत तो नाहींसा झाला आणि कडा पुन्हां पूर्ववत् कोरडा झाला. हिमयुगांत जें बर्फानें केलें, तें या वेळीं पाण्यानेंच केलें. कारण निराळें, परिणाम तोच: जमिनीनें तोंड मिटलें आणि जुनी नदी आपल्या जुन्या वाटेनें परत आली.

दृश्य सुंदर होतें; पण त्याला एक गंभीर बाजू आहे. मॅलमच्या या झऱ्या-ओढ्यांची मिळून एअर नदी होते, आणि ती पुढें लीड्स या मोठ्या शहरांतून वाहते. त्याच महिन्याच्या २६ तारखेस, नाताळच्या दुसऱ्या दिवशीं, आणखी एका पावसाळी वादळानें एअर नदी लीड्समध्यें विक्रमी उंचीस चढली आणि घरांदुकानांत शिरली. मॅलमच्या धबधब्यानें लीड्स बुडविलें, असा याचा अर्थ नव्हे. दोहोंमध्यें वीस दिवसांचें अंतर आहे आणि नदीचें खोरें मोठें आहे. परंतु दोन्ही घटनांमागील नियम एकच. वरची जमीन जेवढें पाणी पोटांत घेऊं शकते, तेवढेंच खालच्या माणसांचें रक्षण होतें. यासाठींच लीड्सच्या पूरनियंत्रणाच्या योजनेंत शहरांतील भिंती व बांध यांच्या जोडीला, एअरच्या वरच्या खोऱ्यांत झाडें लावणें आणि पाणी माळावरच रेंगाळत ठेवणें, या गोष्टींचा समावेश करण्यांत आला. उत्तर इंग्लंडच्या दलदलीच्या माळांवर पूर्वीं पाण्याचा निचरा व्हावा म्हणून जे चर मोठ्या हौसेनें खणले गेले, ते अलीकडे ठिकठिकाणीं बुजविण्यांत येत आहेत. पाणी लवकर घालविणें हें शहाणपण नव्हे, तें मुरूं देणें हें शहाणपण होय, हा धडा लोकांनीं असा पुरांतून घेतला.

आम्ही शहरांत राहणारी माणसें अंगणें फरसबंद करतों, ओढे-नाले बुजवितों, मोकळ्या जमिनीवर सिमेंट पसरतों, आणि पावसाळ्यांत घराच्या पायरीशीं पाणी आलें म्हणजे आकाशाला दोष देतों. मॅलमची घळ पाहिलेला मनुष्य आकाशाकडे पाहण्याआधीं एकदां जमिनीकडे पाहील. तिचें तोंड उघडें आहे कीं मिटलेलें, एवढें त्यानें पाहिलें तरी पुष्कळ आहे.

श्रोतेहो, यॉर्कशायरला जाण्याचा योग प्रत्येकास येईल असें नाहीं. ज्यांना येईल त्यांनीं ही घळ अवश्य चालावी; पायांत चांगले बूट असावे, धुकें किंवा दंव असतांना फरसबंदीवर जाऊं नये, आणि घळींत शिरल्यावर घटकाभर बोलणें बंद ठेवावें. पाण्याचा आवाज ऐकूं येणार नाहीं. पण तो ऐकूं येत नाहीं, म्हणूनच खालच्या गांवांतील लोक त्या रात्रीं निश्चिंत झोपी जातात.